पंच म्हणून साक्षीचं समन्स आलंय, कुणाला अनुभव आहे का?

निनाद_कर्वेनगर

मंडळी, जरा मदत हवी आहे.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री जेवण झाल्यावर सोसायटीच्या गेटपाशी उभा होतो. पोलिसांची गाडी थांबली आणि एका हवालदारांनी विचारलं, "साहेब, पंच म्हणून येता का जरा?" मागच्या गल्लीत चोरीची एक दुचाकी लावून ठेवलेली होती. पकडलेल्या मुलाने पोलिसांना तिथे नेऊन ती दाखवली. माझ्यासमोर नंबरप्लेट पाहिली, टॉर्च मारून इंजिन नंबर आणि चॅसी नंबर वाचले, सगळं लिहून काढलं. मी आणि कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांनी सह्या केल्या आणि घरी आलो. नंतर ते माझ्या डोक्यातूनही गेलं.

काल एक शिपाई घरी येऊन समन्स देऊन गेले. शिवाजीनगर कोर्टात सरकारतर्फे साक्षीदार म्हणून हजर राहायचं आहे. घरी आई घाबरली आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे कालपासून मी कितीदा ऐकलंय. ऑफिसात त्याच आठवड्यात रिलीज आहे, मॅनेजर म्हणतात "टाळता येतं का बघ". मावसबहीण कॅलिफोर्नियात असते, ती म्हणाली, "अरे, आमच्याकडे ज्युरी ड्युटी असते तसंच असेल, जाऊन ये."

मला खरंच कळत नाहीये. माझा स्वतःचा वकील लागेल का? न गेल्यास काय होतं? तिथे नक्की काय विचारतात? आणि इतक्या दिवसांनी मला सगळं कसं आठवणार? ज्यांनी पंच म्हणून साक्ष दिली आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

---

वकील_शिवाजीनगर

निनाद, आईंना आधी हे सांगा की समन्स आरोपीला नाही, साक्षीदाराला आहे. तुम्हाला वकील लागत नाही. तुमची साक्ष सरकारी वकील नोंदवून घेतील.

तुमचा पंचनामा २०२३ चा, म्हणजे तेव्हा जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू होती. तिच्या कलम १०० प्रमाणे झडतीच्या वेळी त्या भागातले दोन किंवा अधिक स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावे लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात हीच तरतूद कलम १०३ मध्ये आहे. शिवाय कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक केलं आहे, मोबाइलवर केलं तरी चालतं. पण चित्रीकरण आलं म्हणून पंच गेले असं झालेलं नाही.

बरेच जण म्हणतात की पंचाने कोर्टात यायची सक्ती नाही. कायद्यात तसं वाक्य आहे, पण त्यातच पुढे "न्यायालयाने खास समन्स काढल्याशिवाय" असं म्हटलं आहे. तुम्हाला समन्स निघालं आहे, तेव्हा जावंच लागेल. न कळवता गैरहजर राहिलात तर वॉरंट निघू शकतं. खरोखरच अडचण असेल तर आधी सरकारी वकिलांना किंवा समन्स घेऊन आलेल्या पोलिसांना कळवा.

त्या दिवशी जरा लवकर जा, सरकारी वकिलांना भेटा आणि तुमच्या सहीचा पंचनामा वाचायला मागा. ते गैर नाही. उलटतपासात "पंचनामा वाचून आलात का?" असं विचारलं तर "हो" सांगायचं. खरं ते सांगायला कचरू नका. बाकी अनुभवाचं इथले इतर लोक सांगतील. मी कोर्टात टेबलाच्या या बाजूला असतो, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात कधी उभा राहिलेलो नाही.

---

पटवेकरीण_रविवारपेठ

निनाद, तू माझ्या मुलीच्या वयाचा दिसतोस, म्हणून अरेतुरे करते. मी पंच होते, साक्षही दिली. सविस्तर लिही म्हणालास, म्हणून लिहिते.

सोन्या मारुती चौकाजवळ एका बोळात आमचं दागिने गाठवायचं दुकान आहे. पटवेकरी काम, सासऱ्यांपासूनचं. सोनं आमचं नसतं. लोक सोनाराकडून मणी, वाट्या, डोरली घेऊन येतात, आम्ही ती रेशमात किंवा तारेत ओवून, गाठवून देतो. दिवसभर हातात दुसऱ्यांची मंगळसूत्रं असतात, त्यामुळे एकदा पाहिलेला दागिना सहसा विसरत नाही.

कोविडच्या आधीची गोष्ट. दुपारी एक फौजदार आणि बरोबर दोन शिपाई दुकानाशी आले. "ताई, सोनसाखळी चोरीतला आरोपी आहे, माल काढून देतो म्हणतोय. पंच म्हणून चला." यजमान बाहेरगावी होते. मुलीला दुकानात बसवलं आणि निघाले. समोरच्या इस्त्रीवाल्या दादांनाही त्यांनी बरोबर घेतलं.

आधी पोलीस स्टेशनात नेलं. आरोपी विशीतला मुलगा, पायात निळ्या पट्ट्याच्या स्लीपर. आमच्यासमोर तो म्हणाला, की मावशीच्या खोलीत डब्यात मंगळसूत्र ठेवलंय, चला, काढून देतो. ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं, वाचून दाखवलं, त्याची सही झाली, मग आमच्या. हा भाग फार महत्त्वाचा असतो हे मला नंतर सरकारी वकिलांनी समजावलं. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण आरोपीने सांगितलं आणि त्यावरून वस्तू सापडली, तर तेवढा भाग चालतो. आणि ते तसंच घडलं हे सांगणारा पोलिसांखेरीज दुसरा माणूस म्हणजे पंच. तुझ्या दुचाकीचंही तेच असणार.

मग जीपमधून निघालो. वाट तो सांगत होता, डावीकडे घ्या, इथे थांबा. उतरल्यावर पुढे तो, मागे शिपाई, त्यांच्या मागे आम्ही. खोली एवढीशी. इस्त्रीवाले दादा आत गेले, मी उंबऱ्यात उभी राहिले. फळीवर डब्यांची रांग होती. त्यातला एक डबा त्याने काढला, आमच्याकडे पाठ करून उघडला, आणि वळला तेव्हा त्याच्या मुठीत मंगळसूत्र होतं. मण्यांना रवा चिकटलेला.

फौजदार लिहू लागले, "पिवळ्या धातूच्या दोन वाट्या असलेले काळ्या मण्यांचे एक मंगळसूत्र." पोलीस सोनं असं लिहीत नाहीत, पिवळा धातू लिहितात. ते बरोबरच आहे, कस लावल्याशिवाय सोनं कसं म्हणणार? पण तेवढ्या वर्णनात पुण्यातल्या निम्म्या बायकांची मंगळसूत्रं बसली असती. मी म्हटलं, "साहेब, मला जे दिसतंय ते मी सांगते, तसं लिहाल का?" त्यांनी ऐकलं, हा त्यांचा चांगुलपणा. दुपदरी. काळ्या मण्यांत ठरावीक अंतरावर सोनेरी बारीक मणी, पण एका पदरात तो एका ठिकाणी गळलेला, तिथे नुसतेच काळे. डावी वाटी चेपलेली, चेपल्या जागी पत्रा फाटून आतली लाख दिसते. दोन्ही पदर मानेमागे तुटलेले आणि एका टोकाला किरमिजी रेशमाची गाठ शिल्लक, रेशीम हाताने वळलेलं. हे सगळं पंचनाम्यात आलं. मग सोनाराकडे वजन झालं, खाकी पाकिटात घातलं, वर आमच्या सह्यांचं लेबल, दोऱ्यावर लाखेचं सील. घरी यायला दिवेलागण झाली.

समन्स आलं तेव्हा लोकांच्या तोंडावरचे मास्क उतरले होते, म्हणजे किती काळ गेला बघ. तोवर इस्त्रीवाले दादा दुकान बंद करून गावी निघून गेले होते, त्यांचा पत्ताच लागेना. पंच म्हणून मी एकटी उरले. पहिल्या तारखेला आरोपीचे वकील आले नाहीत, पुढची तारीख पडली. दुकान बंद ठेवून गेलेल्या माणसाला हे लागतं. बाहेर बाकावर जागा नाही, पाणी प्यायला उठावं तर पुकारा होईल ही धास्ती. त्या बाकावर मी ज्या बाईशेजारी बसले होते, ती पर्स पोटाशी धरून दाराकडे बघत होती. नंतर कळलं की मंगळसूत्र तिचं होतं. आम्ही त्या खटल्याविषयी एक शब्द बोललो नाही, आणि ते योग्यच झालं.

मग एकदाची साक्ष झाली. पट्टेवाल्याने नाव पुकारलं, शपथ दिली. आधी सरकारी वकिलांनी सरतपास घेतला. कुठे राहता, काय करता, त्या दिवशी कुणी बोलावलं, काय पाहिलं. मी सांगत होते, न्यायाधीश तेच नीट वाक्य करून टायपिस्टला सांगत होते. म्हणून एकेक गोष्ट सांगून थांबायचं, घाई करायची नाही. समोर आपण बोललो त्याहून वेगळं टाइप होतंय असं वाटलं तर तिथल्या तिथे हात वर करून सांगायचं. मी एकदा सांगितलं. मी "उंबऱ्यात" म्हटलं होतं, "खोलीत" असं झालं होतं. लगेच दुरुस्त केलं, कुणी रागावलं नाही.

उलटतपासाला आरोपीचे वकील उभे राहिले. वयस्कर, आवाज शांत. जीपमध्ये आरोपी कुठे बसला होता? वाटेत कुठे थांबलात? दाराला कुलूप होतं की कडी? फळीवर किती डबे होते? मी म्हटलं, "डबे मोजले नाहीत." मग त्यांनी विचारलं, "आरोपीने डब्यात हात घालून वस्तू काढली, हे तुम्ही पाहिलं का?" मी म्हटलं, "नाही. त्याची पाठ होती. डबा काढताना पाहिला, आणि वळला तेव्हा मुठीत मंगळसूत्र पाहिलं." सरकारी वकिलांना ते फारसं रुचलं नसावं, पण मला जेवढं दिसलं तेवढंच मी सांगणार. त्या मुलाच्या आयुष्याचाही प्रश्न होता. मला न दिसलेलं मी जोडलं असतं, तर त्या पोराला माझ्या कल्पनेवर शिक्षा झाली असती.

पुढचा प्रश्न आला, "अशी मंगळसूत्रं बाजारात सर्रास मिळतात, हे खरं आहे ना?" म्हटलं, "मिळतात." "मग हेच ते, हे कशावरून?" मी डाव्या वाटीची चेप सांगितली, दिसणारी लाख सांगितली, गळलेला मणी सांगितला, किरमिजी गाठ सांगितली. मुद्देमालाचं सील सरतपासात फोडलं होतं, दागिना टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवलेला होता. न्यायाधीशांनी तो स्वतः उचलला, वाटी उलटी केली, बोटाने चेपल्या जागी चाचपून पाहिलं, मग पदर धरून एकेक मणी सरकवत गळलेल्या जागेपर्यंत आले. कोर्टात तेवढा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांनी टायपिस्टला पुढचं वाक्य सांगितलं.

शेवटी ठरलेले प्रश्न असतात. तुम्ही दागिन्यांच्या धंद्यात, पोलिसांचं तुमच्याकडे येणं-जाणं, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून सही केली. पंचनामा पोलीस स्टेशनातच तयार होता. तुम्ही खोटी साक्ष देताय. अंगावर काटा येतो ऐकताना, पण हे तुझ्यावर रागावून कुणी बोलत नसतं, त्यांना ते विचारावंच लागतं. "हे म्हणणं खरं नाही" एवढं सांगायचं आणि गप्प राहायचं. साक्ष वाचून सही केली आणि बाहेर आले.

निकाल पंचाला कुणी कळवत नाही. मुलीने ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकून शोधला. चोरीचा माल जवळ बाळगल्याचं सिद्ध झालं. मंगळसूत्र हिसकावणारा तोच, हे सिद्ध झालं नाही. वाचून मला पटलं. मी तरी काय पाहिलं होतं? वस्तू त्याच्याकडून निघाली एवढंच.

लोक मला म्हणतात, "कशाला भानगडीत पडायचं? सांगायचं, वेळ नाही." मला याचं खरोखर वाईट वाटतं. रस्त्यावरच्या चार लोकांनी नाही म्हटलं की पोलीस शेवटी ओळखीच्या नेहमीच्या माणसाला उभं करतात. मग कोर्टात पहिला प्रश्न येतो, "याआधी किती वेळा पंच झालात?" आणि त्या साक्षीची किंमत तिथेच जाते. ज्याची वस्तू गेली त्याचंही नुकसान आणि ज्याच्यावर आळ आला त्याचंही. तिऱ्हाईत माणूस समोर उभा असला की पोलिसांनाही नीट वागावं लागतं, हे मी त्या खोलीत पाहिलंय. म्हणून तू जा. मन घट्ट करून जा.

---

मूळ_सदाशिव

निनाद, तुझ्या मावसबहिणीसारखीच मी, सॅन होजेला असते, माहेर सदाशिव पेठेतलं. नागरिकत्व घेतल्यावर ज्युरीचं, म्हणजे खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाचं, समन्स यायला लागलं. ते फक्त नागरिकांनाच येतं, ग्रीन कार्डवर असेपर्यंत कधी आलं नव्हतं.

इथे टपालाने कागद येतो, त्यावर एक गट क्रमांक असतो. आदल्या संध्याकाळी वेबसाइटवर पाहायचं की आपल्या गटाला उद्या बोलावलंय की नाही. कित्येकदा बोलावतच नाहीत आणि तुमचं कर्तव्य तिथेच पूर्ण होतं. पहिल्या दिवसाचा मोबदला नाही, दुसऱ्या दिवसापासून दिवसाला १५ डॉलर आणि वर थोडा प्रवासखर्च. ऑफिस यासाठी नोकरीवरून काढू शकत नाही, कायद्याने मनाई आहे.

एकदा माझी निवडीच्या खोलीपर्यंत मजल गेली. न्यायाधीश आणि दोन्हीकडचे वकील एकेकाला प्रश्न विचारतात. घरात कुणी पोलीस आहे का, कधी अपघाताचा दावा केलाय का, डॉक्टरांविषयी काही पूर्वग्रह आहे का. कारण न सांगताही वकील काही जणांना वगळू शकतात. मला घेतलं. दिवाणी दावा होता, अपघाताच्या भरपाईचा. इथे फौजदारी खटल्यात बाराही जणांचं एकमत लागतं, दिवाणीत बारापैकी नऊ पुरतात. खटला संपेपर्यंत घरी नवऱ्याशीसुद्धा बोलायचं नाही, गूगल करायचं नाही, त्या रस्त्यावर जाऊन चौकही बघायचा नाही. ते पाळणं मला सगळ्यात जड गेलं.

वरचं ताईंचं वाचून मात्र वाटलं की हे दोन्ही एकसारखं नाही. ज्युरर होण्याची पहिली अटच ही की तुम्ही घटना पाहिलेली नसावी, तुम्हाला त्यातलं काही माहीत नसावं. आणि मग तुम्हीच ठरवायचं, खरं काय. पंचाचं उलट. त्याने पाहिलेलं असतं, पण ठरवायचं काम त्याचं नाही. दोष कुणाचा हा विचारही तू डोक्यात आणू नकोस, ते ओझं तुझ्यावर नाही. मी ते ओझं वाहिलंय. निकाल सांगितल्यावर ज्या माणसाला आम्ही त्याने मागितलेल्यापेक्षा फार कमी भरपाई दिली, त्याच्याकडे मला बघवलं नव्हतं.

---

निवृत्त_मास्तर

आपल्याकडेही ज्युरी होती, हे तरुण मंडळींना माहीत नसतं म्हणून थोडं लिहितो. पुण्याने तर तिचा चटका सोसलाय. १८९७ साली लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला मुंबईच्या उच्च न्यायालयात चालला, त्या ज्युरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा दोषी. १९०८ साली पुन्हा तेच, सात विरुद्ध दोन, आणि सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. ज्युरीने काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे, या अर्थाचे त्यांचे उद्गार त्याच न्यायालयात संगमरवरावर कोरलेले आहेत. मुंबईला गेलात तर जरूर पाहा. विद्यार्थ्यांना मी ते दाखवायला नेत असे.

ज्युरी नानावटी खटल्यामुळे, म्हणजे नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरच्या खुनाच्या खटल्यामुळे, बंद झाली असं सर्रास सांगितलं जातं. १९५९ साली त्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवलं, सत्र न्यायाधीशांना ते मान्य झालं नाही, प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेलं, तिथे दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्या निकालाने ज्युरीवरचा विश्वास डळमळला हे खरं. पण कायद्यातून ज्युरी पूर्णपणे गेली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. पारशी समाजाच्या वैवाहिक न्यायालयात मात्र न्यायाधीशांबरोबर त्या समाजाचे पाच प्रतिनिधी बसायची तरतूद आजही आहे.

म्हणजे आता सामान्य माणसाला फौजदारी न्यायदानात हात लावायची जागा उरली ती पंच आणि साक्षीदार एवढीच. पटवेकरीण बाईंनी ती जागा कशी सांभाळायची ते दाखवलं आहे. माझा त्यांना नमस्कार.

---

निनाद_कर्वेनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. आईला ताईंचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. ती आता "डबा करून देते" म्हणतेय.

एक अडचण राहिली. मेडिकलवाल्या काकांनाही समन्स आलंय. ते म्हणाले, "आपण दोघंही सांगून टाकू, पोलिसांनी सही कर म्हटलं, आम्ही केली, काय लिहिलंय ते वाचलं नाही. एकदा असं सांगितलं की परत कुणी बोलावत नाही." काका वाईट नाहीत. त्यांच्या दुकानासमोरूनच त्या मुलाचे मित्र ये-जा करतात, त्यांना त्याची भीती आहे. मला काय करावं कळत नाही. आणि खरं सांगायचं तर इंजिन नंबर मला आठवत नाही.

---

पटवेकरीण_रविवारपेठ

निनाद, इंजिन नंबर कुणालाच आठवणार नाही. तो पाठ म्हणून दाखवलास तर उलट वकील म्हणतील, पढवून आणलाय. नंबर पंचनाम्यात आहे, न्यायाधीशांच्या परवानगीने तो कागद बघून सांगता येतो. तुला आठवायचं ते वेगळं. गाडी कुणी दाखवली, कुठे होती, नंबर कुणी वाचले, टॉर्च कुणी धरला होता, सही कुठे बसून केलीस. टॉर्चचं तर तू इथे स्वतःहूनच लिहिलंयस, म्हणजे तुला आठवतंय.

काकांचं म्हणशील तर ते म्हणतात तसं मुळीच करू नकोस. तू वाचून सही केली होतीस ना? मग वाचलं नाही म्हणणं हे शपथेवर खोटं बोलणं झालं. सरकारी वकील न्यायालयाची परवानगी घेऊन तुला फितूर ठरवतील आणि मग तेच तुझा उलटतपास घेतील. ते फार वाईट दिसतं, अपमान होतो. आणि ज्याची दुचाकी गेली तो माणूस मागे बसून ते ऐकत असतो. ती गाडी त्याने हप्त्यांवर घेतलेली असेल, रोज त्यावर कामाला जात असेल. तू जे पाहिलंस ते तो स्वतः पाहू शकला नाही, म्हणून तुला बोलावलंय.

पण काकांच्या भीतीला उडवून लावू नकोस. त्यांना घेऊन आधी सरकारी वकिलांकडे जा आणि दुकानाची गोष्ट स्पष्ट सांगा. कुणी धमकावलं असेल तर ते लेखी द्या, साक्षीदाराला धमकावणं हा गुन्हा आहे. कुणी काही बोललेलं नसेल आणि नुसतीच धास्ती असेल, तर दोघं एकत्र गेलात की तीही कमी होईल. एकमेकांची साक्ष मात्र जुळवत बसू नका. त्यांनी पाहिलं ते त्यांनी सांगायचं, तू पाहिलंस ते तू. दोघांत फरक पडला तर पडू दे. दोघांचं शब्दन्शब्द एकच आलं तर ते वकिलाच्या लगेच लक्षात येतं.

आदल्या रात्री आणि सकाळी निघायच्या आधी ई-कोर्ट्सवर तारीख तीच आहे ना ते बघ. समन्सची प्रत आणि आधार कार्ड जवळ ठेव. गाडी घेऊन जाऊ नकोस, पार्किंग शोधण्यात वेळ जातो. नळस्टॉपहून मेट्रोने जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतर. मोबाइल आत बंद ठेव. आईचा डबा घे, दुपार होऊ शकते. साक्ष संपली की ऑफिससाठी हजेरीचा दाखला आणि प्रवासभत्त्याचं कोर्टातल्या कारकुनाला विचार. मागितल्याशिवाय दोन्ही मिळत नाहीत.